मुका मार आणि संपूर्ण शरीराचा सीटी स्कॅन: एका निर्णयाचा इतिहास

रात्री कॅज्युअल्टीत मोटरसायकल अपघातातला पेशंट येतो. कपाळ खरचटलेलं, डावा हात सुजलेला, बाकी अंगावर फारशी जखम नाही. बोलतोय, पण जरा असंबद्ध. बाहेर नातेवाईक उभे असतात आणि त्यांच्यातला एक जण हमखास म्हणतो, "डॉक्टर, पैशाचं बघू नका. एकदाच डोक्यापासून पायापर्यंत सगळा सीटी स्कॅन करून टाका. काही राहायला नको."

कधी नेमकं उलटं होतं. सगळा स्कॅन झालेला असतो, रिपोर्टमध्ये विशेष काही निघत नाही. बिल हातात पडल्यावर प्रश्न येतो, "हातच मोडला होता ना? मग छातीचा आणि पोटाचा स्कॅन कशाला केलात?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. गंभीर जखमी माणसाचा संपूर्ण शरीराचा स्कॅन कधी करायचा आणि कधी नाही, यावर डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं वाद झाला. मोठमोठे अभ्यास झाले आणि त्यातून आलेली उत्तरं अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली. हा इतिहास समजून घेतला, तर अशा रात्री डॉक्टर काय विचार करत असतात हे तुम्हाला नीट कळेल. घरच्यांनी नेमकं काय विचारावं, हेही कळेल.

मुका मार का फसवतो?

आपल्या भाषेत "मुका मार" हा फार नेमका शब्द आहे. सुऱ्याची किंवा गोळीची जखम दिसते, कुठून शिरली ते कळतं. मुका मार मात्र काही सांगत नाही. गाडीच्या स्टिअरिंगवर छाती आदळली, उंचावरून माणूस पाठीवर पडला, तर कातडी शाबूत राहते आणि आत प्लीहा किंवा यकृत फाटलेलं असतं. पोटाच्या पोकळीत दोन लिटर रक्त साठलं तरी पोट बाहेरून जेमतेम फुगलेलं दिसू शकतं. त्यातून पेशंट बेशुद्ध असेल किंवा दारू प्यायलेला असेल, तर "इथे दुखतंय" हे सांगणाराच कोणी नसतो.

एक्स-रेचा शोध १८९५ साली विल्हेल्म रोंटगेन यांनी लावला आणि मोडलेली हाडं दिसू लागली. पण एक्स-रे ही सावली असते. फुटलेली प्लीहा किंवा पोटातलं रक्त तिच्यात वेगळं ओळखू येत नाही. त्यामुळे पुढची सत्तर वर्षं पोटाच्या मुक्या माराचं निदान डॉक्टरांच्या हातावरच अवलंबून होतं. पोट दाबून बघायचं, नाडी आणि ब्लड प्रेशर पुन्हा पुन्हा मोजायचं आणि संशय बळावला की पोट उघडायचं.

१९६५ साली अमेरिकेत डेव्हिड रूट या सर्जननी एक साधी युक्ती मांडली. बेंबीखाली लहानसं छिद्र करून नळी आत घालायची, सुमारे एक लिटर सलाईन पोटात सोडायचं आणि ते परत बाहेर काढून त्यात रक्त आहे का ते बघायचं. ही तपासणी रक्त हमखास पकडायची. तिची अडचण वेगळी होती. रक्त आहे एवढंच ती सांगायची. ते कुठून आलं, किती मोठ्या जखमेतून आलं आणि थांबलं आहे की अजून वाहतंय, हे तिला सांगता येत नव्हतं. त्यामुळे पोट उघडल्यावर आधीच आपोआप थांबलेली, टाका घालण्याचीही गरज नसलेली लहानशी जखम सापडायची. पेशंट वाचायचा, पण विनाकारण मोठं ऑपरेशन सोसून.

नेब्रास्कातलं शेत

या इतिहासातलं एक मोठं वळण एका विमान अपघातातून आलं. १७ फेब्रुवारी १९७६ रोजी जेम्स स्टायनर हे अस्थिरोगतज्ज्ञ स्वतःचं छोटं विमान चालवत पत्नी आणि चार मुलांसह घरी निघाले होते. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात एका शेतात विमान कोसळलं. पत्नी जागीच गेली. स्टायनर स्वतः जखमी होते, तीन मुलं अत्यवस्थ होती.

जवळच्या लहान रुग्णालयात मुलांवर झालेले उपचार पाहून हा सर्जन हादरून गेला. तिथल्या लोकांची इच्छा नव्हती असं नाही. गंभीर जखमी माणूस समोर आला की आधी काय आणि नंतर काय करायचं, याचा ठरलेला क्रमच कोणाला शिकवलेला नव्हता. अपघाताच्या जागी तुटपुंज्या साधनांनी आपण जे केलं ते यापेक्षा बरं होतं, असं स्टायनर यांना वाटलं. व्यवस्थेतच खोट आहे, हे त्यांनी ओळखलं.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिळून एक अभ्यासक्रम तयार केला. १९७८ साली नेब्रास्कातल्या ऑबर्न गावात तो पहिल्यांदा शिकवला गेला आणि १९८० साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने तो स्वीकारला. त्याचं नाव एटीएलएस. आज भारतातले डॉक्टरही हा अभ्यासक्रम शिकतात. त्याचं सार असं: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, मग मेंदूची अवस्था, मग सगळं अंग उघडं करून तपासणी. जो धोका आधी जीव घेईल, त्याच्यावर आधी उपचार. पूर्ण निदान होईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही.

तपासण्यांनाही याच क्रमात जागा मिळाली. पेशंट आहे त्याच खाटेवर छातीचा आणि कंबरेच्या हाडांचा एक्स-रे. जिथे शंका असेल तिथे पुढची तपासणी. सगळ्या शरीराचं चित्र आधीच काढून ठेवावं, ही कल्पना या क्रमात नव्हती. असण्याचं कारणही नव्हतं, कारण ते चित्र काढणारं यंत्र तेव्हा फार संथ होतं.

नऊ दिवसांपासून काही सेकंदांपर्यंत

सीटी स्कॅनर तयार केला गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरने. ते ईएमआय कंपनीत नोकरीला होते. जुन्या पिढीला ही कंपनी वेगळ्या कारणाने माहीत आहे. ग्रामोफोनपुढे बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेल्या एचएमव्हीच्या तबकड्या याच कंपनीच्या. हाउन्सफील्ड यांच्या प्रयोगशाळेतल्या पहिल्या यंत्राला एका वस्तूचा स्कॅन करायला नऊ दिवस लागले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. मेंदूतली गाठ पडद्यावर स्पष्ट दिसली. १९७९ साली हाउन्सफील्ड आणि या तंत्रामागचं गणित मांडणारे ॲलन कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

ते यंत्र फक्त डोक्याचं होतं आणि त्याच्या एका फेरीला चार-पाच मिनिटं लागायची. डोकं तेवढा वेळ स्थिर धरता येतं. छाती आणि पोट श्वासाबरोबर सतत हलतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यात संपूर्ण शरीराचे स्कॅनर आले, तरी ते सावकाशच चालायचे. वायर गुंडाळली जायची म्हणून नळी एक फेरी फिरवून थांबवायची, टेबल थोडं सरकवायचं आणि नळी पुन्हा उलटी फिरवायची.

त्यात स्कॅनची खोली कॅज्युअल्टीपासून लांब, कधी दुसऱ्या इमारतीत असायची. रक्तस्राव चालू असलेल्या पेशंटला तिथे नेणं म्हणजे डॉक्टर, रक्त आणि उपकरणं मागे ठेवून त्याला एकट्याला त्या बोगद्यात ढकलण्यासारखंच. मेदुवड्याच्या आकाराच्या त्या यंत्राला इंग्रजी बोलणाऱ्या डॉक्टरांनी "डोनट ऑफ डेथ" असं नाव ठेवलं. ब्लड प्रेशर घसरत असेल तर स्कॅनला न्यायचं नाही, हा नियम त्या अनुभवातून आला.

नंतर यंत्र बदललं. १९८९ साली विली कालेंडर यांनी सर्पिल पद्धतीचा स्कॅन मांडला. यात नळी न थांबता फिरत राहते आणि टेबल सरकत राहतं. १९९८ साली एका फेरीत चार काप घेणारी यंत्रं बाजारात आली आणि काही वर्षांतच चौसष्ट काप घेणारी. डोक्यापासून मांडीपर्यंतचं चित्र आता काही सेकंदांत निघू लागलं. तोवर सोनोग्राफीही कॅज्युअल्टीत पोचली होती. पोटात किंवा हृदयाभोवती रक्त साठलंय का, हे खाटेजवळच दोन-तीन मिनिटांत बघण्याची ही पद्धत आधी जर्मनी आणि जपानमध्ये वापरात होती. नव्वदच्या दशकात ती अमेरिकेत रुळली आणि "फास्ट" नावाने सगळीकडे पसरली. पोटात नळी घालण्याची गरज बहुतेक ठिकाणी संपली.

"सगळाच स्कॅन करा" हा विचार कसा वाढला

सीटीने पहिला मोठा फायदा दिला तो ऑपरेशन टाळण्याचा. १९६८ सालीच टोरंटोच्या मुलांच्या रुग्णालयातून उपाध्याय आणि सिम्पसन या सर्जननी लिहिलं होतं, की मार लागलेली प्लीहा काही मुलांमध्ये ऑपरेशनविना भरून येते. पण प्लीहा किती फाटली आहे हे दिसत नसताना थांबून राहण्याचं धाडस कोण करणार? सीटीने ते दाखवलं. मोठ्या माणसांमध्येही प्लीहा आणि यकृताच्या अनेक जखमा आता फक्त नजरेखाली ठेवून बऱ्या होतात. तुमच्या ओळखीत कोणी "लिव्हरला मार लागला होता, पण ऑपरेशन केलं नाही" असं सांगत असेल, तर त्यात सीटीचा वाटा मोठा आहे.

मग साहजिकच प्रश्न आला. यंत्र इतकं वेगवान झालंय, तर संशयाची जागा शोधत कशाला बसायचं? गंभीर अपघात झाला की सगळंच एकदा बघून टाकावं. २००६ साली लॉस एंजेलिसच्या सर्जननी असा अभ्यास प्रसिद्ध केला. बाहेरून छाती-पोटाच्या इजेची ठळक खूण नसलेल्या, पण मोठ्या अपघातातून आलेल्या रुग्णांचा त्यांनी सगळा स्कॅन केला. जवळजवळ दर पाचव्या रुग्णाच्या उपचारात त्यामुळे बदल झाला, असं त्यांनी नोंदवलं.

२००९ साली 'लॅन्सेट'मध्ये जर्मनीचा अभ्यास आला आणि पारडं एकदम झुकलं. स्टेफान हुबर-वाग्नर आणि सहकाऱ्यांनी जर्मन ट्रॉमा रजिस्टरमधले ४६२१ रुग्ण तपासले. त्यातल्या १४९४ जणांचा सुरुवातीलाच संपूर्ण शरीराचा स्कॅन झाला होता. त्यांची पद्धत अशी होती: जखमा, वय आणि आल्या वेळची अवस्था यावरून किती मृत्यू अपेक्षित होते ते काढायचं आणि प्रत्यक्ष मृत्यूंशी ताडून बघायचं. संपूर्ण स्कॅन झालेल्यांमध्ये १०० मृत्यू अपेक्षित असताना सुमारे ७५ झाले. इतरांमध्ये अपेक्षा आणि प्रत्यक्ष जवळजवळ सारखंच निघालं. युरोपातल्या कित्येक रुग्णालयांनी यानंतर संपूर्ण शरीराचा स्कॅन हाच शिरस्ता केला.

आकड्यांत कुठे गफलत होऊ शकते?

जर्मन अभ्यास प्रामाणिक होता. पण तो जुन्या नोंदींवर बेतलेला होता आणि अशा अभ्यासात दोन खाचखळगे असतात. ते समजून घ्या, कारण आरोग्याच्या इतर बातम्या वाचतानाही ते उपयोगी पडतील.

पहिला खड्डा असा. जो पेशंट आल्या आल्या दहा मिनिटांत दगावतो, तो स्कॅनपर्यंत पोचतच नाही. त्याची नोंद "स्कॅन न झालेल्या" गटात होते. म्हणजे स्कॅन झालेल्या गटात मुळातच स्कॅनपर्यंत तग धरलेली माणसं असतात. ती जास्त वाचली, याचं श्रेय स्कॅनला किती द्यायचं?

दुसरा खड्डा जास्त फसवा आहे. सगळ्या शरीराचा स्कॅन केला की बारीकसारीक इजाही सापडतात. एखाद्या बरगडीची चीर, फुप्फुसावरचा छोटासा डाग. त्या मोजल्या की कागदावर पेशंट जास्त गंभीर ठरतो आणि त्याच्या मृत्यूची "अपेक्षा" वाढते. मुळात तो वाचणारच होता. पण हिशेबात असं दिसतं, की एवढा गंभीर माणूस स्कॅनमुळे वाचला. परीक्षेचा पेपर अवघड होता असं आधी जाहीर केलं, की तेवढ्याच मार्कांचं जास्त कौतुक होतं, तसं हे आहे.

दरम्यान किरणांची काळजीही वाढत होती. संपूर्ण शरीराच्या स्कॅनमध्ये सुमारे २० मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून आपल्याला नैसर्गिकपणे वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतो. म्हणजे आठ वर्षांहून थोडा अधिक वाटा एका झटक्यात. २०१२ साली ब्रिटनमधल्या पावणेदोन लाखांहून अधिक मुलांचा आणि तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा, की दहा वर्षांखालील मुलांच्या डोक्याच्या १०,००० स्कॅनमागे पुढच्या दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक आणि मेंदूच्या गाठीचा एक जादा रुग्ण निघतो. एका मुलासाठी हा धोका फार लहान आहे. मेंदूत रक्तस्राव असेल तर त्याचा विचारही करायचा नाही. पण "काही राहायला नको" म्हणून हजारो मुलांचे स्कॅन होऊ लागले, तर हाच आकडा लहान राहत नाही.

रिॲक्ट-२: चिठ्ठी टाकून केलेला निवाडा

असा वाद सोडवायचा तर एकच मार्ग असतो. सारख्याच गंभीर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करायचे, एकाचा थेट सगळा स्कॅन करायचा, दुसऱ्याची जुन्या क्रमाने तपासणी करायची आणि निकाल बघायचा. जीव टांगणीला लागलेल्या माणसांवर असा अभ्यास करणं सोपं नाही. नेदरलँड्समधल्या चार आणि स्वित्झर्लंडमधल्या एका ट्रॉमा सेंटरने मिळून २०११ ते २०१४ या काळात तो केला. त्याचं नाव रिॲक्ट-२.

कोणाला घ्यायचं याचे निकष ठरलेले होते. नाडी १२० किंवा जास्त, वरचं ब्लड प्रेशर १०० किंवा कमी, श्वास फार जलद किंवा फार मंद, शुद्ध हरपत चाललेली. किंवा छाती, पोट, कंबरेची हाडं, मणका यांना गंभीर इजेचा संशय, किंवा हातापायाची दोन लांब हाडं मोडलेली. किंवा अपघातच तसा: तीन मीटरपेक्षा उंचावरून पडलेला, गाडीतून बाहेर फेकला गेलेला, किंवा ज्याच्या गाडीतला दुसरा माणूस दगावला आहे असा. लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि ज्यांना तत्काळ ऑपरेशनला घ्यावं लागेल असे रुग्ण वगळले होते.

२०१६ साली निकाल आला. थेट संपूर्ण स्कॅन झालेल्या ५४१ रुग्णांपैकी ८६ दगावले. क्रमाने तपासलेल्या ५४२ पैकी ८५ दगावले. दोन्हीकडे १६ टक्के. अनेक जखमा असलेल्यांमध्ये आणि डोक्याला गंभीर मार लागलेल्यांमध्ये वेगळं मोजलं, तरी ठाम म्हणता येईल असा फरक निघाला नाही.

मग संपूर्ण स्कॅन निरुपयोगी ठरला का? तसं नाही. बारकावे पाहा. थेट स्कॅनच्या गटात सगळी चित्रं मिळायला साधारण ३० मिनिटं लागली, दुसऱ्या गटात ३७. म्हणजे या उत्तम सज्ज सेंटरमध्ये वाचलेला वेळ सात मिनिटांचा होता. शिवाय क्रमाने तपासलेल्या गटातल्या ४६ टक्के रुग्णांचा शेवटी तुकड्यातुकड्याने सगळ्याच शरीराचा स्कॅन करावा लागला. उरलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांचं काम मात्र कमी स्कॅनमध्ये भागलं आणि त्यांतल्या अनेकांना किरणंही कमी मिळाली. आणखी एक गोष्ट: एवढे कडक निकष लावूनसुद्धा थेट स्कॅन झालेल्यांपैकी सुमारे एक-तृतीयांश रुग्णांमध्ये अनेक गंभीर जखमा नव्हत्याच.

मला यातून सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे. स्कॅन माणसाला वाचवत नाही. स्कॅनमध्ये दिसलेल्या गोष्टीवर पुढच्या काही मिनिटांत जे केलं जातं, ते वाचवतं. रक्त तयार आहे का, ऑपरेशन थिएटर उघडं आहे का, सर्जन खाटेजवळ उभा आहे का, हे प्रश्न यंत्राच्या वेगाइतकेच महत्त्वाचे आहेत. हेच सूत्र उलट्या बाजूने जपानमध्ये वापरून पाहिलं गेलं. २०११ साली ओसाकामध्ये अशी खोली तयार झाली, जिथे पेशंटला टेबलावरून न हलवता तिथेच स्कॅन, तिथेच ऑपरेशन आणि तिथेच रक्तवाहिनी आतून बंद करण्याचे उपचार होतात. तिथे आधीच्या पद्धतीपेक्षा मृत्यू कमी झाल्याचं त्यांनी नोंदवलं. तुलना आधीच्या काळातल्या रुग्णांशी होती, त्यामुळे शेवटचा शब्द नव्हे. पण दिशा स्पष्ट आहे: पेशंटला यंत्राकडे न्यायचं नाही, यंत्र आणि उपचार दोन्ही पेशंटजवळ आणायचे.

मग आज निर्णय कसा होतो?

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ साली सूचना काढल्या. मुक्या माराने गंभीर जखमी झालेल्या आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी इजेचा संशय असलेल्या, १६ वर्षांवरील रुग्णाचा संपूर्ण शरीराचा स्कॅन करावा. सोळा वर्षांखालील मुलांचा सरसकट करू नये, डॉक्टरांनी तपासून लागेल तेवढ्याच भागाचा करावा.

ढोबळमानाने रुग्णांचे तीन गट पडतात.

पहिला, ज्याचं ब्लड प्रेशर रक्त आणि सलाईन देऊनही वर येत नाही. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसतंय. त्याला बहुधा थेट ऑपरेशनला घेतात, स्कॅन नंतर. स्कॅनर शेजारच्याच खोलीत असेल आणि पूर्ण टीम सोबत असेल, तर काही मोठी सेंटर आज अशाही रुग्णाचा झटपट स्कॅन करतात.

दुसरा, मोठा अपघात, शुद्ध हरपलेली किंवा दोन-तीन ठिकाणी इजेची चिन्हं, पण ब्लड प्रेशर सांभाळलेलं. संपूर्ण स्कॅनचा खरा लाभार्थी हा. इथे पैशाचा किंवा किरणांचा विचार करत अडून बसू नये.

तिसरा, पूर्ण शुद्धीत, नीट बोलणारा, एकाच जागी मार लागलेला. इथे न केलेला स्कॅन हा निष्काळजीपणा नसतो. त्यामागेही मोठे अभ्यास आहेत. मानेच्या इजेसाठी २००० साली अमेरिकेत ३४,०६९ रुग्णांवर एक नियम तपासला गेला. मानेच्या मध्यभागी दाबल्यावर दुखत नसेल, नशा नसेल, पूर्ण शुद्ध असेल, हातापायात कमजोरी किंवा बधिरपणा नसेल आणि लक्ष वेधून घेणारी दुसरी वेदनादायक जखम नसेल, तर मानेचा फोटो लागत नाही. डोक्याच्या मारासाठी २००१ साली कॅनडात असाच नियम तयार झाला. मुलांसाठी २००९ साली ४२,४१२ मुलांच्या अभ्यासातून. "काही तास नजरेखाली ठेवू" असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा तो टोलवाटोलवीचा प्रकार नसतो. ती तपासणीच असते, फक्त यंत्राशिवाय.

तुमच्यासाठी चार गोष्टी

आपल्याकडे एक वेगळी अडचण असते. लहान गावात स्कॅन एका ठिकाणी आणि सर्जन दुसऱ्या ठिकाणी, अशी स्थिती अनेकदा असते. म्हणून हे लक्षात ठेवा.

एक: गंभीर जखमी माणसाला केवळ स्कॅनसाठी गावोगाव फिरवू नका. जिथे रक्त, ऑपरेशन आणि आयसीयू एकत्र आहे तिथे न्या, स्कॅन तिथेच होईल. मोठ्या रुग्णालयात पाठवायचं ठरलं असेल, तर तपासण्यांसाठी ते लांबवू नये, हे एटीएलएसच सांगतं. महाराष्ट्रात १०८ वर फोन करा.

दोन: आधी स्कॅन झालेला असेल, तर फिल्म आणि सीडी सोबत घ्या. ती मागे राहिली म्हणून तोच स्कॅन पुन्हा होतो.

तीन: स्कॅनच्या आधी शिरेतून औषध देतात. जुनी ॲलर्जी, किडनीचा आजार किंवा गरोदरपण असेल, तर आपणहून सांगा. आईच्या जिवाला धोका असेल तर गरोदरपणातही स्कॅन थांबवत नाहीत, पण डॉक्टरांना माहीत असायला हवं.

चार: "सगळा स्कॅन करा" किंवा "स्कॅन कशाला केला" याऐवजी हे विचारा: "डॉक्टर, तुम्हाला कोणत्या इजेचा संशय आहे, आणि ती दिसली तर उपचार बदलतील का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. तो मनातल्या मनात हाच प्रश्न स्वतःला विचारत असतो.

सुरुवातीच्या त्या तरुणाचं काय, असं तुम्ही विचाराल. कपाळावर खरचटलेलं, हात मोडलेला आणि बोलणं असंबद्ध. शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचा. बोलणं असंबद्ध आहे, म्हणजे तो आपलं दुखणं खात्रीने सांगू शकत नाही. तो भरधाव मोटरसायकलवरून फेकला गेला असेल, तर मी त्याचा संपूर्ण स्कॅन करायला सांगेन. तोच तरुण स्वच्छ बोलत असता आणि उभ्या गाडीवरून पडला असता, तर हाताचा एक्स-रे काढून, पोट तपासून, त्याला काही तास समोर बसवून ठेवलं असतं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष अपघाताच्या वेळी रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांचा सल्ला अंतिम मानावा.)